झांज ऐकू येईना

मित्रांनो, मी डेक आहे. पुढून कॅसेट घालायची, चार बटनं फिरवायची आणि दोन्ही बाजूंच्या सागवानी पेट्यांतून गाणं ऐकायचं, असा एक जुना डेक. मी मोठ्या कंपनीत तयार झालो नाही. बारामतीत एका माणसाने मला हाताने जोडलं.

वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की बहुधा माणसांची तक्रार करतात. वापरलं आणि अडगळीत टाकलं, असं म्हणतात. मला तसं काही म्हणायचं नाही. माझ्यावर कुणी अन्याय केला नाही. उलट माझ्या आवाजाने एका मुलीला इतका त्रास झाला की दहावीच्या वर्षात तिने घर सोडलं. ते कसं घडलं हे मी आज सांगणार आहे. सांगताना मला लाज वाटते, पण इतकी वर्षं गप्प राहिल्याची लाज जास्त आहे.

माझा जन्म १९८८ सालचा. बारामतीत एसटी स्टँडच्या मागच्या बोळात दत्तोबा तात्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. तात्या तेव्हाच साठीला आलेले. नाकावर जाड चष्मा, कानामागे पेन्सिल आणि बोटांवर डाख दिल्याचे जुने चटके. एके दिवशी भिगवणकडून आलेल्या गाडीतून रविंद्र नावाचा एक तरुण उतरून दुकानात आला. राहणारा डाळजचा, साखर कारखान्यात टर्बाइनवर कामाला. त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट काढली आणि काउंटरवर अलगद ठेवली.

"तात्या, ही कॅसेट चांगली वाजंल असा डेक बनवून द्या. दुसरं काय वाजो न वाजो."

त्या कॅसेटमध्ये रविंद्रचे वडील होते. ज्ञानदेव त्यांचं नाव. गावच्या गायन पार्टीत ते झांज वाजवायचे. चौदा एप्रिल आला की आसपासच्या गावांतून पार्टीला बोलावणं यायचं, पळसदेवपासून इंदापूरपर्यंत. पुढे गाणारा वेगळा, पेटीवाला वेगळा, ढोलकीवाला वेगळा. ज्ञानदेव मागच्या ओळीत झांज घेऊन उभे असत. एका जयंतीला मुंबईच्या पाहुण्याने टेपरेकॉर्डर आणला होता. त्याने बाबासाहेबांवरची चार गाणी भरून घेतली. पुढच्याच वर्षी ज्ञानदेव वारले. घरात त्यांचा फोटो एकच, तोही लग्नाच्या घोळक्यातला. या कॅसेटमध्ये मात्र त्यांची झांज होती.

तात्यांनी मला महिनाभर मन लावून बनवलं. पेट्यांसाठी ओळखीच्या सुताराकडून सागाच्या फळ्या आणल्या. प्रत्येक पेटीत खाली एक मोठा स्पीकर आणि वर एक छोटा. मोठ्याने ढोलकीसारखे जाड आवाज काढायचे आणि छोट्याने झांज, घुंगरू, बांगड्या असले बारीक. त्या छोट्याला ट्वीटर म्हणतात. डाळजला सगळे त्याला टुटर म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो.

मला सोपवताना तात्यांनी रविंद्रला एका बटनावर बोट ठेवून दाखवलं.

"हे ट्रेबल. बारीक आवाज कमीजास्त करायचं. मी मधोमध लावलंय, तितंच राहू द्या. जेवणातल्या मिठासारखं हाय ते. जास्त झालं की घास गिळवत न्हाय."

त्या संध्याकाळी डाळजला, मातीच्या भिंतींच्या बुटक्या घरात, मी पहिल्यांदा गायलो. रविंद्र माझ्यासमोर मांडी घालून बसला होता. त्याची बायको अंजली चुलीपुढून उठून दारात आली होती. सात वर्षांची पायल आईच्या पदराला धरून उभी होती. ढोलकी सुरू झाली, पेटीने सूर धरला आणि तिसऱ्या ओळीला झांज पडली. छन्न!

"आबा!" रविंद्र एवढंच म्हणाला आणि त्याने तोंड फिरवलं.

मित्रांनो, त्या क्षणी मला माझा फार अभिमान वाटला. एका गेलेल्या माणसाचा हात मी त्याच्या मुलापर्यंत पोचवला होता. पुढची चार-पाच वर्षं तो अभिमान वाढतच गेला. जयंतीला मला पताकांखाली टेबलावर मांडत. बारशाला, लग्नाला शेजारी मागून नेत. "काय क्लिअर आवाज हाय रविंद्रच्या डेकचा!" असं कुणी म्हणालं की मी फुगून जाई. आपण जे काढतो ते सगळं लोकांना गोडच लागतं, असं मला वाटू लागलं.

मग रविंद्रला माझा आवाज मंद वाटू लागला.

आधी कधीतरी, मग रोज. हंगाम सुरू असला की टर्बाइन दिवसरात्र चालतं. तिथे दोन माणसं खांद्याला खांदा लावून उभी असली तरी हातवारे करूनच बोलतात. कानात घालायला बोळे मिळत, पण जो घालील त्याला बाकीचे हसत. रविंद्रने ते कधीच घातले नाहीत. ड्यूटीवरून आला की तो कानात करंगळी घालून हलवायचा आणि म्हणायचा, "रातकिडं ओरडत्यात आत." जेवून माझ्यापुढे बसायचा, कॅसेट लावायचा आणि कपाळाला आठ्या घालायचा.

"झांज कुठं गेली ह्याची?"

मग त्याने ट्रेबलचं बटन थोडं पुढे सरकवलं. झांज आली. त्याला बरं वाटलं. सहा महिन्यांनी आणखी थोडं. पुढच्या हंगामात आणखी. होता होता बटन शेवटाला जाऊन टेकलं. त्याच सुमारास मातीचं घर पाडून त्याने स्लॅबचं घर बांधलं. सिमेंटच्या गुळगुळीत भिंती, खाली शहाबादी फरशी. मातीच्या भिंती माझा आवाज निम्मा पिऊन टाकायच्या. या भिंती तो आहे तसा परत फेकू लागल्या. घरात बोलत असलेल्या माणसालाही आपला आवाज दुप्पट होऊन ऐकू यायचा, मग माझं काय विचारता!

तरीही रविंद्रला झांज ऐकू येईना. इंदापूरच्या बाजारातून तो दोन स्वस्तातले टुटर घेऊन आला आणि माझ्या पेट्यांच्या डोक्यावर त्याने ते स्क्रूने बसवले. त्यांच्यातून निघायची ती झांज राहिलीच नव्हती. पत्र्यावर खिळा ओढावा तसा तो आवाज होता. शब्दातला प्रत्येक 'स' फुसकारल्यासारखा यायचा. मला ते कळत होतं. माझ्या पेट्यांतून काय बाहेर पडतंय हे माझ्याशिवाय कुणाला जास्त कळणार? पण मी यंत्र. बटन जिकडे फिरवाल तिकडे जायचं, एवढंच माझ्या हाती.

अंजली स्वयंपाक करताना कानात कापूस घालू लागली. पदर डोक्यावरून घ्यायची, म्हणजे तो दिसत नसे. पायल आता मोठी झाली होती. भिगवणच्या हायस्कूलात दहावीला होती. संध्याकाळी ती बाहेरच्या खोलीत अभ्यासाला बसायची आणि मी सुरू झालो की तिची दोन्ही बोटं कपाळावर जायची. आधी ती पुस्तक घेऊन ओट्यावर गेली. मग मागच्या गोठ्याच्या कट्ट्यावर. तिथेही मी पोचत होतोच.

आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती, मित्रांनो. रविंद्र ड्यूटीवर गेला की पायल माझ्याजवळ यायची. ट्रेबलचं बटन मागे घ्यायची, आवाज लहान करायची आणि आजोबांची तीच कॅसेट लावायची. लावून सोबत गायची. चारही गाणी तिला तोंडपाठ होती, मधला पेटीचा तुकडासुद्धा ती तोंडाने वाजवायची. बाप यायच्या वेळेला बटन पुन्हा होतं तिथे नेऊन ठेवायची.

१९९६ सालच्या नोव्हेंबरातली ती संध्याकाळ. सहामाही परीक्षेत पायलला गणितात कमी गुण पडले होते आणि ती वही उघडून बसली होती. रविंद्रने मला सुरू केलं आणि तो हातपाय धुवायला मोरीत गेला. पायलने थोडा वेळ सोसलं. मग उठून तिने बटन मधोमध आणलं. रविंद्र टॉवेलने तोंड पुसत बाहेर आला आणि थबकला.

"कुणी हात लावला?"

"मी लावला, पप्पा. डोकं लई दुखतंय. कानात सुया टोचल्यागत होतंय."

"माझ्या आबाची झांज तुला सुया वाटती?"

"तसं न्हाय पप्पा, आवाज—"

"मग कसं? भिगवणच्या शाळेत जाती, नव्या मैत्रिणी झाल्यात. त्यांच्या घरात दुसरी गाणी वाजत असत्याल. आपली गाणी रस्त्यावर ऐकू गेली तर तुला कमीपणा वाटतो, व्हय ना? आज्याची लाज वाटती तुला?"

पायलने बापाकडे नुसतं बघितलं. मग वही मिटली. अंजली दारात येऊन म्हणाली, "अवो, काय बोलताय पोरीला!" त्यावर रविंद्रने बटन पुन्हा शेवटाला नेलं आणि मी पुन्हा किंचाळू लागलो. हो, किंचाळूच. बाप आणि मुलगी यांच्यामध्ये मी किंचाळत उभा होतो, आणि ही पोर बाप घरी नसताना हीच गाणी गाते एवढं एक वाक्य मला बोलता येत नव्हतं.

दोन दिवसांनी पायल दप्तर आणि कपड्यांची पिशवी घेऊन भिगवणला मामाकडे गेली. शाळा तिथून जवळ पडते, असं सगळ्यांना सांगितलं. जाताना ती आईला बिलगली. बापाला म्हणाली, "येते, पप्पा." रविंद्र वर्तमानपत्र वाचत होता. तिचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. तिला वाटलं, पप्पा रागाने बोलत नाहीत. त्याला वाटलं, पोरगी न सांगता गेली.

घर शांत झालं. रविंद्र मला लावायचा, पण पूर्वीसारखं त्यात मन नव्हतं. शेवटी डिसेंबरात त्याने मला पोत्यात घालून गाडीने बारामतीला नेलं.

"तात्या, ह्याचा आवाज बसलाय. झांज ऐकूच येत न्हाय आता."

आठ वर्षांनी तात्यांनी मला पाहिलं. त्यांच्या भुवया वर गेल्या. पेट्यांवर बसवलेले ते दोन टुटर त्यांनी बोटाने हलवून पाहिले. ट्रेबलच्या बटनाभोवतीची रेघ शेवटाला घासून पुसून गेली होती, तिच्यावरून अंगठा फिरवला. त्यांनी माझं झाकण उघडलं, धूळ झाडली, कॅसेट वाचणारा भाग स्पिरिटने पुसला, दोन जुने सुटे भाग बदलले. मग मला वाजवून बघितलं आणि ताबडतोब हात कानावर नेला.

"रविंद्रराव, ह्यात काय बी दोष न्हाय."

"पण मला तर ऐकू येत न्हाय झांज."

तात्यांनी विचारलं, "घरातली बाकीची काय म्हणत्यात?"

"बायको काय बोलत न्हाय. पोरगी म्हणायची, कानाला टोचतंय."

"म्हणायची? आता कुठं हाय पोरगी?"

"भिगवणला. मामाकडं." रविंद्रने मान खाली घातली.

तात्यांनी माझं झाकण लावलं. स्क्रू पिळता पिळता ते म्हणाले, "येत्या रविवारी मीच येतो डाळजला. आवाज कुठं बसलाय ते घरातच बघावं लागंल. पोरीला बोलवून ठेवा. ती नसंल तर माझा उपयोग न्हाय."

"तिचं काय काम?"

"माझं कान आता म्हातारं झाल्यात. बारीक आवाजासाठी मला तरणा कान लागतो."

तो रविवार मी विसरणार नाही. तात्या खांद्याला पिशवी लावून सकाळच्या गाडीने आले. पायल मामासोबत आली होती आणि स्वयंपाकघराच्या दाराशी आईजवळ उभी होती. बाप आणि ती एकमेकांकडे बघत नव्हती. तात्यांनी चहा घेतला, भिंतींवर टकटक करून पाहिलं, टाळी वाजवून तिचा घुमणारा आवाज ऐकला. मग त्यांनी पिशवीतून एक जुनं यंत्र काढलं. त्याची चकती फिरवली की एकच सूर निघायचा, आणि चकती जितकी पुढे न्यावी तितका तो बारीक होत जायचा. ते त्यांनी मला जोडलं.

"सगळ्यांनी डोळं मिटायचं. जवर सूर ऐकू येतोय तवर हात वर. थांबला की खाली. मी बी करतो."

मामा नुसता बघत बसला, बाकी चौघांनी हात वर केले. मी सूर धरला. आधी भरदार, मग शिट्टीसारखा, मग आणखी बारीक. चकती अजून निम्मीसुद्धा फिरली नव्हती, तेवढ्यात रविंद्रने हात खाली घेतला. इतरांचीही परीक्षा संपली असेल असं समजून त्याने डोळे उघडले.

समोर तीन हात वर होते. बायकोचा, मुलीचा, सत्तरीला टेकलेल्या तात्यांचा.

"तात्या, मशीन बंद पडलं तुमचं."

तात्या चकती फिरवत राहिले. थोड्या वेळाने त्यांचाही हात खाली आला. त्यांनी डोळे उघडले आणि नुसतं चकतीवरच्या आकड्यांकडे बघून ते ती पुढे नेत राहिले. अंजलीचा हात वर होता. पायलने एका हाताने कान दाबून धरला होता, चेहरा पिळवटला होता, पण दुसरा हात वर होता.

"चेष्टा लावलीय व्हय माझी?" रविंद्रचा आवाज चढला. "काय वाजतंय हितं?"

तो उठून माझ्याजवळ आला. त्याने टुटरला कान लावला. मित्रांनो, मी तेव्हा माझ्या सगळ्या ताकदीनिशी ओरडत होतो आणि त्याचा कान माझ्यापासून बोटभरही लांब नव्हता. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. मग त्याने टुटरच्या पडद्याला हळूच बोट लावलं. पडदा थरथरत होता. ती थरथर बोटाला कळली आणि त्याचा चेहरा एकदम उतरला.

तात्यांनी यंत्र बंद केलं.

"मला बी शेवटचं काय ऐकू आलं न्हाय, रविंद्रराव. पण माझं वय अडुसष्ट. तुमचं?"

"चाळीस."

"टर्बाइनवर किती हंगाम झालं?"

"सोळा."

"डेक चांगला हाय. टुटर चांगलं हायत. झांज बी जितं होती तितंच हाय." तात्या म्हणाले.

रविंद्र फरशीवर खाली बसला. अंजली पदराने डोळे पुसत पुढे आली.

"मला ठावं होतं," ती म्हणाली. "दोन वर्सं झाली. कुकरची शिट्टी झाली तरी तुमाला कळत न्हाय. दाराची कडी वाजली तर मीच पळते. मी बोलले न्हाय. कारखान्यात कळलं आन् टर्बाइनवरनं काढलं तर काय, ह्याची भीती होती. पोरीला बी मीच म्हणाले, उगं वाद नको, जा मामाकडं. चूक माझी हाय."

"तुझी कशी?" रविंद्र म्हणाला. "टोचतंय असं पोरगी सांगत होती. तोंडानं सांगत होती." तो पायलकडे वळला. तिच्या डोळ्यांत बघायचं त्याला धाडस होत नव्हतं, तो तिच्या पायांकडे बघत बोलत होता. "त्या दिवशी मी तुला आज्याची लाज वाटती म्हणालो. ते शब्द माघारी कसं घेऊ, मला सांग. तू म्हणशील ते करतो."

पायल दारातून पुढे आली.

"मला चारी गाणी पाठ हायत, पप्पा," ती म्हणाली. "तुमी ड्यूटीला गेलं की मी लावायची. बारीक आवाजात."

रविंद्रने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मामा उठून बाहेर गेला. तात्या चष्मा पुसू लागले. आणि मी? ज्या गोष्टीसाठी त्या घरात इतकी आग लागली होती, ती गोष्ट मला पहिल्यापासून माहीत होती. माझा दोष नव्हता असं तुम्ही म्हणाल. तरीही मी त्या दिवसापासून स्वतःला निर्दोष समजू शकलो नाही.

मग तात्या कामाला लागले. पेट्यांवरचे ते दोन टुटर त्यांनी उपटून काढले. आतल्या टुटरच्या तारेत एक छोटा रोधक जोडला, म्हणजे त्याचा जोर कमी झाला. माझ्या पेट्या सरळ बसणाऱ्याच्या कानावर रोखलेल्या होत्या, त्या किंचित बाजूला वळवल्या. अंजलीकडून दोन जुन्या गोधड्या मागून त्यांनी समोरच्या उघड्या भिंतीवर टांगल्या आणि फरशीवर सतरंजी अंथरायला लावली. प्रत्येक बदलानंतर ते पायलला विचारायचे, "आता कसं वाटतंय?" ती म्हणायची, "अजून थोडं टोचतंय." मग ते पुन्हा हात घालायचे. दुपारपर्यंत असं चाललं. शेवटी ती म्हणाली, "आता न्हाय टोचत." माझ्या आयुष्यात मला मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी. पण या वेळी फुगून जावंसं मला वाटलं नाही.

ट्रेबलचं बटन पुन्हा मधोमध होतं. कॅसेट लावली.

रविंद्र खाली बसून ऐकत होता. झांज त्याला ऐकू येणार नाही हे आता सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. पहिलं कडवं झालं. कोरसने ओळ उचलली. आणि पायल पटकन पुढे सरकली.

"पप्पा, ऐका. कोरसात तो जाड आवाज. सगळ्यांच्या मागनं एकटा येतोय तो. तो कुणाचा?"

रविंद्रने मान वाकडी केली. तात्यांनी कॅसेट थोडी मागे घेऊन पुन्हा लावली. ढोलकीच्या खालून, पेटीच्या आडून, एक खरखरीत पुरुषी आवाज येत होता. थोडा मागे राहणारा, ओळीचं शेवटचं अक्षर लांबवणारा.

"आबा," रविंद्र म्हणाला. मग घाईघाईने म्हणाला, "आबाच. 'जयभीम' म्हणताना असंच लांबवायचं ते. आबा गायचं बी? आमाला वाटायचं नुसती झांज वाजवत्यात."

ज्ञानदेव झांज वाजवताना गातही होते. तो आवाज कॅसेटवर पहिल्या दिवसापासून होता. सुरुवातीला सगळ्यांचं ध्यान झांजेकडे होतं म्हणून तो कुणी ऐकला नाही, आणि नंतर माझ्या किंकाळ्यांनी तो बुजवून टाकला. रविंद्र ज्याला इतकी वर्षं शोधत होता, त्याचा गळा माझ्याच पोटात होता. त्याच्या कानांना अजून चांगला ऐकू येणारा, जाड आवाज. आणि मी त्याच्यावर पत्र्याची खरखर ओतत बसलो होतो.

त्याने ते गाणं पाच वेळा ऐकलं. प्रत्येक वेळी पायल बोट वर करून सांगायची, "आता."

संध्याकाळच्या गाडीने पायल मामाबरोबर परत भिगवणला गेली. एका दिवसात सगळं जुळून आलं असं मी खोटं सांगणार नाही. बापाच्या त्या शब्दांचा व्रण तिच्या मनावर होता. या खेपेला रविंद्र स्टॉपपर्यंत पिशवी घेऊन गेला. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा झाली, त्यानंतर ती घरी राहायला आली. सुरुवातीला ती बाहेरच्या खोलीत बसायची नाही. एके दिवशी पुस्तक घेऊन येऊन बसली. रविंद्रने मला बंद करायला हात पुढे केला, तेव्हा म्हणाली, "राहू द्या की."

बारामतीच्या डॉक्टरांनी कान तपासून सांगितलं की गेलेलं ऐकणं परत येत नाही, उरलेलं मात्र जपता येतं. रविंद्रने तो कागद स्वतःच कारखान्यात नेऊन दिला. टर्बाइनवरून त्याला वर्कशॉपात पाठवलं. सोळा वर्षांची जागा सुटली, याचं त्याला दुःख झालं. पण पुढच्या हंगामाच्या तोंडावर तो टर्बाइनवर गेला, तिथल्या जोडीदारांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "हसायचं असंल तर माझ्याकडं बघून हसा. पोरीचं बोलणं ऐकू येत न्हाय मला." हे हिंदुराव नावाच्या त्याच्या सोबत्याने घरी येऊन अंजलीला सांगितलं, म्हणून मला कळलं. तेव्हापासून हिंदुराव कानात बोळे घालतो.

आता पायल बारामतीला कॉलेजात शिकते. मी बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात असतो. माझ्यावर फुलाफुलांचं कापड असतं, धूळ फारशी बसत नाही. रविंद्र ट्रेबलच्या बटनाला हात लावत नाही. घरात जो कुणी असेल त्याला म्हणतो, "तुमीच लावा, तुमच्या कानाला बरं वाटंल तसं." असं तो म्हणाला की मला अजूनही कसंनुसं होतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं काहीतरी असेल. त्याची निगा राखा, पण आधी आपल्या कानांची राखा. कान एकदा गेले की कोणताही दत्तोबा तात्या ते दुरुस्त करून देऊ शकत नाही. आणि तुम्हाला गोड लागणाऱ्या गोष्टीने शेजारी बसलेलं माणूस कपाळ धरून बसलं असेल, आणि ते म्हणत असेल की दुखतंय, तर त्याच्या मनात काय असेल याचा शोध घेत बसू नका. आधी आवाज कमी करा, मग विचारा, कुठे दुखतंय. मला तोंड होतं, पण विचारता येत नव्हतं. तुम्हाला येतं.